सूर्याचं पाणी, तारापूरचं सांडपाणी आणि मधलं कोळगाव: पालघरचा पाणीप्रश्न नेमका काय आहे?

थोडक्यात

• २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं.
• मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादात केस लढवली. २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखाने आणि सामूहिक सांडपाणी केंद्रावर भरपाई लावण्यात आली.
• याच जिल्ह्यातलं सूर्या नदीचं गोडं पाणी शहरांना आणि उद्योगांना जातं, वापरलेलं पाणी मात्र किनाऱ्यावरच्या गावांकडे येतं.
• वाढता पाऊस, वादळं आणि विहिरींमध्ये शिरणारं खारं पाणी यामुळे हा प्रश्न पुढच्या काळात आणखी अवघड होणार आहे.

पालघरहून बोईसरकडे निघालं की काही किलोमीटरवर कोळगाव लागतं. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय, सगळं आता इथेच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. त्याचं मुख्यालय सिडकोने कोळगावात उभारलं आणि १९ ऑगस्ट २०२१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं उद्घाटन केलं. मुख्यालयाच्या भोवती नवं शहर वसवण्याची योजना आहे.

कोळगावची जागा नकाशावर पाहिली तर जिल्ह्याचा पाणीप्रश्न एका नजरेत दिसतो. पूर्वेला डोंगरातून येणारी सूर्या नदी आहे. उत्तरेला बोईसर आणि तारापूर एमआयडीसी. पश्चिमेला सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी अशी मच्छीमार गावं आणि त्यांच्या खाड्या. गोडं पाणी पूर्वेकडून येतं, मधे वापरलं जातं आणि खराब होऊन पश्चिमेला जातं. या तिन्ही टोकांच्या तक्रारी घेऊन येणारे लोक शेवटी कोळगावातल्या एकाच इमारतीच्या पायऱ्या चढतात.

आधी एक गैरसमज: तारापूर म्हणजे फक्त अणुऊर्जा नाही

तारापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला अणुऊर्जा केंद्र आठवतं. १९६९ मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पण पाण्याच्या प्रदूषणाची जी केस गाजली, तिचा अणुभट्टीशी संबंध नाही. ती तारापूर एमआयडीसीबद्दल आहे.

नाव तारापूर असलं तरी ही औद्योगिक वसाहत समुद्रकाठच्या तारापूर गावात नसून बोईसर रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेला आहे. १९७० च्या दशकात ती आकाराला आली. आज इथे हजाराहून अधिक कारखाने आहेत. रसायनं, औषधांसाठी लागणारे कच्चे घटक, रंगद्रव्यं, कापड प्रक्रिया आणि पोलाद हे इथले मुख्य उद्योग. यातल्या रसायन, औषध आणि कापड उद्योगाला पाणी भरपूर लागतं आणि त्यांचं सांडपाणी साफ करणंही सर्वांत कठीण असतं.

या वसाहतीने हजारो हातांना काम दिलं, हेही तितकंच खरं आहे. पालघर, डहाणूच्या आदिवासी पाड्यांपासून उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतचे कामगार इथे आहेत. त्यामुळे इथला प्रश्न ‘कारखाने हवेत की नकोत’ इतका सरळ नाही. कारखान्याच्या मागच्या नाल्यातून काय वाहतं आणि त्याचा हिशोब कोण ठेवतं, हा खरा प्रश्न आहे.

देशात पहिला नंबर, पण कशात?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक क्षेत्रांना १०० पैकी गुण देतं. याला सर्वसमावेशक पर्यावरण प्रदूषण निर्देशांक किंवा ‘सेपी’ म्हणतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. हवा, पाणी आणि जमीन यांची स्थिती, उद्योगांचं प्रमाण, परिसरातल्या लोकांच्या आरोग्यावरचा परिणाम आणि नियमांचं पालन हे सगळं त्यात मोजलं जातं. ७० च्या वर गुण गेले की ते क्षेत्र ‘अतिप्रदूषित’ ठरतं.

२००९ मध्ये तारापूरला ७२.०१ गुण होते. म्हणजे तेव्हाही ते अतिप्रदूषित यादीत होतं, पण चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद आणि नवी मुंबई राज्यात त्याच्या पुढे होते. २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांची पुन्हा तपासणी झाली. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली होती, त्यामुळे दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. मात्र २०१८ च्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिलं आलं. दिल्लीचं नजफगढ नाला क्षेत्र, मथुरा आणि कानपूरही त्याच्या मागे होते.

सांडपाण्याचं नेमकं काय होतं?

नियमानुसार प्रत्येक कारखान्याने आपलं सांडपाणी आधी स्वतःच्या आवारात ठरलेल्या मर्यादेपर्यंत साफ करायचं असतं. मग ते वाहिनीतून सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीमध्ये जातं. तिथे दुसऱ्यांदा प्रक्रिया होते आणि शेवटी ते नवापूरजवळ समुद्रात सोडलं जातं.

कागदावर साखळी पूर्ण दिसते. प्रत्यक्षात ती तीन ठिकाणी तुटते.

पहिली जागा कारखान्याचं आवार. छोट्या कारखान्याला स्वतःचं केंद्र चालवणं महाग पडतं. वीज, रसायनं, माणसं आणि उरलेला गाळ घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवण्याचा खर्च, हे सगळं वाचवायचं असेल तर सांडपाणी तसंच पुढे ढकललं जातं.

दुसरी जागा म्हणजे सीईटीपी. तारापूरच्या जुन्या केंद्राची क्षमता २५ एमएलडी होती. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे २५ एमएलडी हे दिवसाला अडीच कोटी लिटर झालं. ग्रामीण भागात नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं जलजीवन मिशनचं उद्दिष्ट आहे. त्या हिशोबाने हे साडेचार लाख लोकांचं एका दिवसाचं पाणी होतं. केंद्रात क्षमतेपेक्षा जास्त आणि ठरलेल्या दर्जापेक्षा खराब सांडपाणी येत राहिलं, त्यामुळे बाहेर पडणारं पाणीही मर्यादेत राहिलं नाही.

सीईटीपीमधली मुख्य प्रक्रिया जिवाणू करतात. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ खाऊन ते पाणी साफ करतात. त्यांच्यावर अचानक तीव्र आम्ल, विषारी द्रावक किंवा खूप क्षारांचा लोंढा आला तर ते मरतात. नवे जिवाणू तयार व्हायला दिवस लागतात. म्हणूनच एका कारखान्याने रात्री चोरून सोडलेला एक टँकरसुद्धा बाकी सगळ्यांच्या पाण्याची प्रक्रिया बिघडवू शकतो.

तिसरी जागा म्हणजे वाहिन्या आणि पावसाळी नाले. पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या नाल्यात सांडपाणी सोडलं की ते सीईटीपीला वळसा घालून थेट खाडीत जातं. समुद्राकडे जाणारी जुनी वाहिनी फुटून रासायनिक पाणी शेतात आणि रस्त्यावर आल्याचे प्रकारही किनाऱ्याकडच्या गावांनी पाहिले आहेत.

यावर उपाय म्हणून ५० एमएलडी क्षमतेचं नवं केंद्र टप्प्याटप्प्याने उभारण्याचं आणि नवापूरच्या समुद्रात सुमारे सात किलोमीटर आत जाणारी वाहिनी टाकण्याचं काम हाती घेण्यात आलं. वाहिनी खोल समुद्रात गेली की सांडपाणी जास्त पाण्यात मिसळून विरळ होतं, हे त्यामागचं शास्त्र. मच्छीमारांचा आक्षेप असा, की पाणी नीट साफ न करता ते लांब नेऊन सोडलं तर प्रदूषण किनाऱ्यावरून फक्त मासेमारीच्या जागेपर्यंत सरकेल. दोन्ही मुद्द्यांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: वाहिनीच्या तोंडाशी येणारं पाणी खरोखर मर्यादेत आहे का?

‘मर्यादेत’ म्हणजे किती?

बातम्यांमध्ये ‘सीओडी’ आणि ‘बीओडी’ हे दोन शब्द सतत येतात.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. सीओडी म्हणजे तीच घाण रसायनाने पूर्णपणे जाळायला लागणारा ऑक्सिजन. हे आकडे जितके मोठे, तितकी ती घाण पाण्यातला जास्त ऑक्सिजन खाते आणि माशांना कमी उरतो. समुद्रात सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडी लिटरमागे १०० मिलिग्रॅम आणि सीओडी २५० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा आहे. नदीनाल्यासाठी बीओडीची मर्यादा ३० आहे.

या दोन आकड्यांमधला फरकही महत्त्वाचा असतो. सीओडी खूप जास्त आणि बीओडी कमी असेल, तर पाण्यात जिवाणूंना न पचणारी रसायनं जास्त आहेत असा त्याचा अर्थ निघतो. रासायनिक वसाहतीत हेच जास्त दिसतं.

मच्छीमार लवादापर्यंत कसे पोहोचले?

खाडी बिघडते तेव्हा ते सर्वांत आधी पायी मासेमारी करणाऱ्याला कळतं. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या, कालवं गोळा करणारी माणसं, त्यातही बायका, बोटीच्या मालकांसारख्या दूर समुद्रात जाऊ शकत नाहीत. खाडीत मेलेल्या माशांचा खच दिसला की त्या दिवसाचं कालवण आणि बाजार दोन्ही बुडतात.

मांगेला हा या किनाऱ्यावरचा जुना मच्छीमार समाज. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे धाव घेतली. प्रतिवादींमध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही होतं. म्हणजे तक्रार फक्त कारखान्यांविरुद्ध नव्हती, ज्यांनी लक्ष ठेवायचं त्यांच्याविरुद्धही होती.

केस सुरू असताना एक लक्षात राहण्यासारखी गोष्ट घडली. सांडपाणी कमी व्हावं म्हणून कारखान्यांना मिळणाऱ्या पाण्यातच कपात करण्यात आली. नळ कमी सोडला की गटार आपोआप कमी भरतं, असा हा साधा हिशोब होता. पण यातून एक गोष्ट उघड झाली. या वसाहतीला पाणी देताना, त्यातलं किती पाणी साफ करता येईल हे आधी पाहिलंच गेलं नव्हतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये लवादाने तज्ज्ञ समिती नेमून नुकसानीचा अंदाज मागवला. समितीने शंभराहून अधिक कारखाने तपासून कोणाची किती जबाबदारी याचा हिशोब मांडला. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखाने आणि सीईटीपी मिळून शंभर कोटी रुपयांहून अधिक भरपाई ठरवली.

यामागे ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालांमध्ये ते भारतीय कायद्याचा भाग मानलं. हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यातही ते कलम २० मध्ये लिहिलेलं आहे. दंड आणि भरपाई यांच्यात फरक आहे. दंड म्हणजे शिक्षा. भरपाई मात्र बिघडलेलं पर्यावरण दुरुस्त करण्यासाठी असते. त्यामुळे ती भरली गेली की केस संपत नाही. त्या पैशातून कोणता नाला, कोणती विहीर, कोणती खाडी सुधारली, हे पाहणं हा खरा शेवट असतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. सातपाटीच्या समुद्रात पापलेट कमी होण्याला केवळ सांडपाणी जबाबदार नाही. बारीक आसाची जाळी, लहान पिल्लांची मासेमारी, बोटींची वाढलेली संख्या आणि समुद्राचं वाढतं तापमान हीही कारणं आहेत. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला ‘राज्य मासा’ म्हणून जाहीर केलं, त्यामागे त्याचं घटतं प्रमाण हेही एक कारण होतं. पण खाड्या आणि कांदळवनं ही अनेक माशांच्या पिल्लांची वाढण्याची जागा असते. तीच विषारी झाली तर बाकी उपाय अपुरे पडतात.

दुसरं टोक: सूर्याचं पाणी कुणाचं?

आता पूर्वेकडे, डोंगराच्या बाजूला. सूर्या ही वैतरणेची उपनदी. तिच्यावर धामणी इथे धरण आहे आणि खाली कवडास इथे बंधारा आहे. प्रकल्पाचा मूळ हेतू सिंचन होता. डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यातली १४,६९६ हेक्टर जमीन भिजवण्याचं उद्दिष्ट होतं, आणि हा मोठ्या प्रमाणात आदिवासी शेतकऱ्यांचा पट्टा आहे.

पुढे हेच पाणी पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी वळत गेलं. तारापूर एमआयडीसी, पालघर शहर आणि आसपासची गावं, वसई-विरार महापालिका यांना ते मिळू लागलं. त्यानंतर एमएमआरडीएची ४०३ एमएलडीची सूर्या प्रादेशिक योजना आली. त्यातलं १८५ एमएलडी वसई-विरारसाठी आणि २१८ एमएलडी मिरा-भाईंदरसाठी आहे. शेतीच्या वाट्याचं पाणी शहरांकडे जातंय म्हणून ‘सूर्या पाणी बचाव संघर्ष समिती’ने अनेक वर्षं आंदोलनं केली.

वसई-विरारच्या नागरिकांची तहान खोटी नाही. तिथल्या इमारतींमध्ये लोक वर्षानुवर्षं टँकरचं पाणी विकत घेत आले आहेत. पण याच जिल्ह्यातल्या मोखाड्यात धो-धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाड्यांना टँकर लागतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरणही त्याच तालुक्यात कोचाळे इथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख, आणि त्यात जवळपास ३७ टक्के आदिवासी. पाणी त्यांच्या डोंगरातून निघतं आणि त्यांच्या हंड्याला चुकवून खाली जातं, ही इथली जुनी तक्रार आहे.

म्हणजे जिल्ह्याच्या पूर्वेला लोक म्हणतात, आमचं पाणी गेलं. पश्चिमेला लोक म्हणतात, तुमचं घाण पाणी आलं. सरकारदरबारी या दोन वेगवेगळ्या फायली आहेत. एक जलसंपदा विभागाची, दुसरी प्रदूषण मंडळाची. प्रत्यक्षात पाणी एकच आहे.

शेजारच्या डहाणूत वेगळं काय झालं?

तारापूरला लागूनच असलेल्या डहाणू तालुक्याची गोष्ट वेगळी आहे. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि तिथे उद्योगांवर कडक मर्यादा आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराचा प्रस्ताव नाकारला होता.

काळ बदलला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने नव्या वाढवण बंदराला अटींसह परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालघरमध्ये भूमिपूजन झालं. मुरबे इथेही बंदराचा प्रस्ताव आहे. बंदर म्हणजे रस्ते, गोदामं, वसाहती, आणि त्या सगळ्यांना लागणारं पाणी. कोळगावच्या नव्या शहराची मागणी त्यात धरायची आहे. बोईसर तर अनेक वर्षं ग्रामपंचायतीच्याच कारभाराखाली शहराएवढं वाढलं. शहराची लोकसंख्या आली, पण शहरासारखी भुयारी गटारं आणि घरगुती सांडपाण्याची पुरेशी व्यवस्था तिच्याबरोबर आली नाही.

हवामान बदलाचा यात काय संबंध?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. संस्थेच्याच आणखी एका अभ्यासात, १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ही वादळं कोकण किनाऱ्याने अनुभवली. तौक्तेच्या वेळी भरकटलेला एक मोठा तराफा पालघरच्या वडराई किनाऱ्यावर येऊन खडकात अडकला होता.

पालघरच्या पाण्यावर याचे तीन थेट परिणाम होतात.

एक, पुरात सगळं मिसळतं. कमी वेळात खूप पाऊस झाला की कारखान्याच्या टाक्या, उघड्यावर साठवलेली पिंपं, गाळाचे ढीग, घरगुती गटारं सगळं एकत्र वाहतं. पावसाचा आडोसा घेऊन सांडपाणी सोडणाऱ्यांचंही फावतं, कारण पाणी विरळ झाल्याने नमुन्यात काही सापडत नाही.

दोन, विहिरी खाऱ्या होतात. केळवे-माहीमच्या पट्ट्यात पानवेली आणि बागायती विहिरींच्या गोड्या पाण्यावर उभ्या आहेत. जमिनीतलं गोडं पाणी उपसलं की त्याच्या जागी समुद्राचं पाणी सरकतं. समुद्राची पातळी वाढली आणि खारभूमीचे बांध फुटले की हा वेग वाढतो. एकदा खारी झालेली विहीर लवकर गोडी होत नाही.

तीन, धरणावरचा ताण वाढतो. पाऊस एकूण तेवढाच पडला तरी तो मोजक्या दिवसांत कोसळला, तर धरण भरून वाहून जातं आणि पुढचा खंड लांबतो. एकाच धामणीवर शेती, उद्योग आणि लाखोंची शहरं अवलंबून असतील तर एका वाईट वर्षात आधी कुणाचं पाणी कापायचं, हा वाद ठरलेला आहे.

कांदळवनं इथे स्वस्त विमा म्हणून काम करतात. ती लाटांचा जोर मोडतात, गाळ अडवतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातली कांदळवनं तोडण्यावर बंदी कायम केली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. पण तेलकट, रासायनिक चिखलात कांदळवनाची रोपं धड वाढत नाहीत. म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेण्याची तयारीही सांडपाण्याच्या प्रश्नाशीच येऊन थांबते.

कोळगावच्या हातात नेमकं काय आहे?

प्रदूषण करणाऱ्या कारखान्यावर कारवाईचा मुख्य अधिकार १९७४ च्या जल कायद्यानुसार राज्य प्रदूषण मंडळाचा आहे. तरीही जिल्हाधिकारी कार्यालयाचे हात रिकामे नाहीत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. हरित लवादाने २०१९ मध्ये प्रत्येक जिल्ह्याला ‘जिल्हा पर्यावरण आराखडा’ करायला सांगितलं. त्यात सांडपाणी, घनकचरा, घातक कचरा, पाण्याचा दर्जा यांची एकत्र नोंद ठेवायची असते. गावांच्या पाणी योजना आणि पाणी तपासणी जिल्हा परिषदेकडे आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांच्या ग्रामसभांना पेसा कायद्याने विशेष अधिकार आहेत.

म्हणजे पाण्याच्या दोन्ही फायली शेजारी ठेवून पाहू शकेल अशी जिल्ह्यातली जागा हीच आहे. नव्या वसाहतीला किंवा कारखान्याला पाणी मंजूर करताना ‘एवढं सांडपाणी साफ करायची सोय आज आहे का?’ हा प्रश्न इथे विचारता येतो. तारापूरमध्ये तो अनेक दशकं उशिरा विचारला गेला.

सामान्य माणूस काय करू शकतो?

विहिरीचं पाणी तपासताना: ग्रामपंचायतींना दिलेल्या साध्या किटने आम्लता, गढूळपणा, क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू अशा गोष्टी कळतात. औद्योगिक द्रावकं आणि बहुतेक जड धातू त्यात कळत नाहीत. वसाहतीजवळच्या विहिरीसाठी ‘किटमध्ये सगळं ठीक आलं’ एवढं पुरेसं नाही. ग्रामसभेत ठराव करून प्रयोगशाळेतल्या सविस्तर तपासणीची मागणी करता येते.

पाणी उकळताना: उकळल्याने किंवा क्लोरीन टाकल्याने जंतू मरतात, पण क्षार आणि धातू जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण उलट वाढतं. पाण्याला रंग किंवा रसायनाचा वास असेल तर ते उकळून पिणं हा उपाय नाही.

व्हिडिओ काढताना: नाल्याचा रंगीत फेस दाखवणारा व्हिडिओ लगेच पसरतो, पण तारीख, वेळ आणि नेमकी जागा नसेल तर त्याचा पुरावा म्हणून फारसा उपयोग होत नाही. लोकेशन सुरू ठेवून चित्रण करावं, मूळ फाइल जपावी आणि त्याच वेळी प्रदूषण मंडळाच्या तारापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. स्वतः बाटलीत भरलेलं पाणी कायदेशीर नमुना ठरत नाही. नमुना अधिकाऱ्यांनी ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. म्हणून तक्रार जितकी लवकर, तितकं बरं. अनोळखी रसायनाला हात लावू नये.

कायद्याची वाट धरताना: जल कायद्याच्या कलम ४९ नुसार मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो. हरित लवादात पर्यावरणाच्या वादासाठी साधारण सहा महिन्यांची आणि भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत असते. उशीर झाला तर खरी तक्रारही मुदतीत अडकते.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

तारापूरची केस देशभर गाजली ती मोठ्या रकमेमुळे. पण पालघरसाठी तिचा धडा रकमेपेक्षा साधा आहे: जेवढं पाणी आणायचं, तेवढं साफ करण्याची सोय आधी करायची. हा नियम तारापूरने पाळला नाही. त्याची किंमत कारखान्यांच्या आधी मुरबे, नवापूर, दांडीच्या खाड्यांनी मोजली.

आता बंदर येतंय, नवं शहर येतंय. कोळगावात पुढच्या काही वर्षांत अनेक परवानग्यांवर सह्या होतील. त्या वेळी पाण्याच्या नळाचा नकाशा आणि गटाराचा नकाशा एकाच टेबलावर असेल का, एवढं जरी नागरिकांनी प्रत्येक जनसुनावणीत आणि ग्रामसभेत विचारलं, तरी पुढचं तारापूर टळू शकतं.